शेजारच्या खोलीत ढेकूण होते

गेल्या वैशाखात चोपड्याहून वहिनींचा फोन आला. घरात लग्न झालं होतं, मंडपवाल्याकडून भाड्याने गाद्या आणल्या होत्या, आणि गाद्या परत गेल्या तरी त्यांतले ढेकूण मात्र घरातच राहिले. खाटांच्या सांध्यांत, भिंतीच्या चिरांत, देव्हाऱ्यामागच्या फळीत. रात्रभर कुणाला झोप नाही. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, घरात तीन औषधं आहेत. तिन्ही एकात एक करून मारून टाकू का? एकदाचा काय तो निकाल लागेल.”

तिन्हींची नावं मी विचारली. एक, कापसाची उरलेली अर्धी बाटली, ‘मोनो’. लेबलवरच्या चौकोनात वर कवटी आणि खाली लाल रंग, हे त्यांनी फोनवरच वाचून दाखवलं. दुसरी, आढ्यावर ठेवलेली नुवानची जुनी बाटली, लेबल उंदरांनी कुरतडलेलं. तिसरी, गव्हाच्या कोठीत टाकायच्या गोळ्यांची डबी.

मी धुळ्यात, त्या चोपड्यात. मी एवढंच म्हटलं, “वहिनी, आज काहीही मारू नका. डबी उघडू नका. आधी एका रात्रीची गोष्ट ऐका.” ती रात्र खान्देशातली नव्हती. पण तिची सुरुवातही ढेकणांपासूनच झाली होती.

सात प्रहर उरले
सोमवार, 20 ऑगस्ट 2018. दुपारी, जेवणाच्या सुमारास.

इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी हुर्घाडा नावाचं पर्यटकांचं शहर आहे. तिथल्या स्टायगेनबर्गर ॲक्वा मॅजिक या हॉटेलात इंग्लंडमधल्या बर्नली गावचं एक कुटुंब सुट्टीसाठी उतरलं होतं. आजोबा 69 वर्षांचे, आजी 63 वर्षांच्या, सोबत मुलगी आणि नातवंडं. आजी-आजोबांच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत ढेकूण निघाले, म्हणून त्या दुपारी तिथे ‘लॅम्ब्डा’ नावाचं औषध फवारलं गेलं. दोन्ही खोल्यांच्या मधे एक दार होतं. ते बंद होतं, आणि फटींवर चिकटपट्टी लावली होती.

लॅम्ब्डा हे नाव आपल्या कापूसवाल्यांना नवं नाही. लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन आपण बोंडअळीवर मारतो. शेतीच्या बाटलीवर त्याचं प्रमाण 5 टक्के लिहिलेलं दिसतं. मग उरलेल्या 95 टक्क्यांत काय असतं, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोड्यांना पडतो. ते असतं औषध विरघळवणारं द्रावण आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून घातलेली रसायनं. शेतात वारा असतो, वर आभाळ असतं. घरात चार भिंती असतात आणि खाली अंथरूण. म्हणून कायद्याने घरगुती वापराच्या औषधांना परवानगी वेगळी, लेबल वेगळं. शेतातलं औषध घरात आणलं की त्यातलं द्रावणही घरात येतं. त्यावर आपण आणखी रॉकेल ओततो, “भिनायला बरं पडतं” म्हणून. बंद खोलीत रॉकेलची वाफ आणि एक ठिणगी एवढ्यावर घर पेटू शकतं.

हुर्घाड्यात काय ओतलं होतं, ते त्या दुपारी कुणी विचारलं नाही. काही देशांत हे औषध पातळ करायला डायक्लोरोमिथेन वापरतात. रंग खरवडून काढायच्या द्रावणात असतं तेच.

सहा प्रहर उरले
उन्हं कलती.

डायक्लोरोमिथेन 40 अंशांना उकळतं. जळगावात मे महिन्यात सावलीतला पारासुद्धा त्याच्या वर जातो. म्हणजे आपल्याकडे ते भांड्यात द्रव म्हणून टिकायलाही तयार होणार नाही. त्याची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड. ती वर जात नाही, जमिनीलगत साचते, दाराखालच्या फटीतून पुढे सरकते. खाटेवर निजलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर रेंगाळते.

चिकटपट्टी पाहून माणसाला वाटतं, बंदोबस्त झाला. ढेकूण तिच्यापाशी अडेल. वाफ मात्र अडत नाही.

हे ‘शेजार’ प्रकरण आपल्या देशाला ठाऊक नाही असं नाही. 1958 साली केरळात शंभरावर माणसं अन्नातून विषबाधा होऊन मेली. खाण्याचा माल ज्या जहाजातून आला, त्याच जहाजात पॅराथिऑन हे कीटकनाशक होतं. मुद्दाम कुणी काही मिसळलं नव्हतं. एका तळघरात दोन माल शेजारी ठेवले होते, इतकंच. त्यातून पुढे 1968 चा कीटकनाशक कायदा आला. माझ्या लहानपणी आमच्या धाब्याच्या घरात मधल्या खोलीत एका भिंतीला दादर ज्वारीची पोती असत आणि दुसऱ्या भिंतीला फवारणीचा पंप. त्या दोन्हींच्या मधे आम्ही भावंडं निजत असू. वडील कायदा पाळणारे गृहस्थ होते. पण हा कायदा आमच्या मधल्या खोलीपर्यंत पोचलाच नव्हता.

पाच प्रहर उरले
दिवेलागण.

आजी-आजोबा खोलीत परतले. खोलीत निराळाच वास होता, खमिरासारखा, आंबूस. हॉटेलच्या खोल्यांना कसले ना कसले वास असतातच, आणि सुट्टीवरचं माणूस वासाचा शोध घेत बसत नाही.

वास ही गोष्ट या सगळ्यात फसवी आहे, म्हणून इथे जरा थांबतो. डायक्लोरोमिथेनला गोडसर वास असतो, पण त्यापासून पुढे जे बनतं त्याला वासच नाही. कोठीतल्या गोळ्यांमधून निघणाऱ्या फॉस्फिन वायूला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो म्हणतात. प्रत्यक्षात तो वास मुख्यतः त्यात मिसळलेल्या अशुद्ध भागांचा असतो. शुद्ध फॉस्फिन जवळजवळ बिनवासाचं. म्हणजे वास गेला तरी वायू गेला असं होत नाही. आणि वास आला की आपण काय करतो? उदबत्ती लावतो, फिनेलने पुसतो, पंखा लावतो. पुसायला पाणी घेतो, आणि गोळ्यांच्या बाबतीत त्या पाण्यासारखा दुसरा घात नाही. त्याबद्दल पहाटेच्या प्रहरात सांगतो.

2020 च्या फेब्रुवारीत पुण्यात बिबवेवाडीला एका ज्येष्ठ दांपत्याने घरात कीटकनाशक फवारणी करून घेतली. काही तासांनी ते दोघं घरी परतले, आणि दोघांचाही मृत्यू झाला. तासभर दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवून बाहेर थांबायचं, मग आत पाऊल टाकायचं, हे सांगायला खर्च काही लागत नाही. ते फवारणाऱ्याने सांगायलाच हवं. त्याने सांगितलं नाही तर घरच्यांनी विचारायला हवं. “काय मारलं? त्यात काय घातलं? आत कधी जायचं?” एवढे तीन प्रश्न.

चार प्रहर उरले
रात्र. दिवे मालवले.

आता जे घडत होतं ते खोलीत घडत नव्हतं, माणसांच्या शरीरात घडत होतं. श्वासावाटे आत गेलेलं डायक्लोरोमिथेन यकृतात पोचतं, आणि यकृत त्याचं कार्बन मोनॉक्साइड करतं. कोळशाच्या शेगडीने बंद खोलीत माणसं मारणारा तोच वायू. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. इथे शेगडी नव्हती. शेगडी माणसाच्या पोटातच पेटली होती. शिवाय डायक्लोरोमिथेन चरबीत साठून राहतं, त्यामुळे हवा स्वच्छ झाल्यावरही शरीर काही वेळ विष बनवतच राहतं.

वहिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे औषध वेगळं आणि मारणारं वेगळं?” इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

त्यांच्या तीन डब्यांचा हिशेबही असाच आहे. मोनोक्रोटोफॉस आणि नुवान, म्हणजे डायक्लोरव्हॉस, दुकानातली दोन नावं, पण गोत्र एकच. दोन्ही सेंद्रिय फॉस्फरसवाली. आपल्या मज्जातंतूंत एक विकर असतं, ते प्रत्येक निरोपानंतर पाटी पुसून टाकतं. ही दोन्ही औषधं नेमकं तेच विकर बंद पाडतात. दोन वेगळी औषधं मिसळली असं वाटतं, आणि खरं तर एकाच औषधाची मात्रा दुप्पट झालेली असते. मग पाटी पुसली जात नाही. लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत पाणी.

आणि गोत्र वेगळं असेल तर? तर आणखी वाईट घडू शकतं. लॅम्ब्डासारखी पायरेथ्रॉइड औषधं माणसाला तुलनेने सौम्य लागतात, कारण आपलं शरीर ती लवकर मोडतं. मोडण्याचं हे काम ज्या विकरांकडे असतं, त्यांनाच फॉस्फरसवालं औषध बांधून टाकतं. एकाने दार धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने आत शिरायचं. किड्यांवर हा डाव साधतो, म्हणून कारखानदार काही जोड्या मोजून, तपासून, परवाना घेऊन एका बाटलीत विकतात. घरातल्या बादलीत आपण करतो ती जोडी कुणीच मोजलेली नसते.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो माणसं दवाखान्यात पोचली. एका पंपात दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती, हे तेव्हा समोर आलं. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आलेल्या रुग्णाने नक्की काय श्वासातून घेतलंय, हे ठरवणं डॉक्टरांना अवघड होतं. फॉस्फरसवाल्या विषावर ॲट्रोपिन चालतं. पण त्यात मिसळलेल्या दुसऱ्या विषांना त्याने उतार पडत नाही. नंतर सरकारने पाच औषधांची विक्री यवतमाळसह पाच जिल्ह्यांत साठ दिवसांसाठी थांबवली. त्या यादीत जळगाव-धुळे नव्हते. आपला कापूसही तोच, आणि आपले पंपही तेच.

आपण सगळे त्याला ‘औषध’ म्हणतो, हेही मला हल्ली टोचतं. डॉक्टर देतो ते औषध आणि पंपात घालतो तेही औषध. दोन औषधं घेतली तर लवकर बरं वाटेल, हा समज या एका शब्दातून सरळ येतो. आमच्या आजी त्याला ‘जहर’ म्हणत. आजी निरक्षर होत्या, पण त्यांचं नाव चुकलेलं नव्हतं.

तीन प्रहर उरले
मध्यरात्र उलटून गेली.

त्या खोलीत आजी-आजोबांबरोबर त्यांची बारा वर्षांची नात झोपली होती. रात्री ती मळमळत जागी झाली. तिला तिच्या आईच्या खोलीत नेण्यात आलं. आजी-आजोबा आपल्या खोलीतच राहिले.

नात वाचली.

मी ही गोष्ट वहिनींना सांगताना इथे थांबलो होतो. त्याही बोलल्या नाहीत. त्यांच्या घरातही एक नात आहे, ती आजीजवळच निजते.

त्या मुलीला कुणी औषध दिलं म्हणून ती वाचली नाही. तिला त्या हवेतून बाहेर काढलं, एवढंच झालं, आणि तेही विषाची शंका आली म्हणून नव्हे. मळमळ, डोकेदुखी, ग्लानी ही कार्बन मोनॉक्साइडची लक्षणं अगदी बाहेरचं खाल्ल्यासारखी दिसतात. लग्नघरात एकाच रात्री दोघा-तिघांना मळमळ झाली तर आपणही बासुंदीला दोष देऊ. पण एका खोलीत झोपलेल्या सगळ्यांना एकाच वेळी बरं वाटेनासं झालं, तर पोटाकडे पाहण्याआधी खोलीकडे पाहावं. सगळ्यांना बाहेर अंगणात आणावं, दारं उघडी टाकावीत, आणि काही आणायला पुन्हा आत जाऊ नये.

दोन प्रहर उरले
पहाट.

हुर्घाड्यातल्या त्या खोलीत या वेळी काय चाललं होतं, ते सांगायला कुणी उरलं नाही. म्हणून दुसऱ्या एका पहाटेकडे जातो. वहिनींच्या तिसऱ्या डबीचा जाब त्या पहाटेकडे आहे.

2 जानेवारी 2017, अमेरिकेत टेक्सासमधलं अमरिलो शहर. एका घरात दहा माणसं राहत होती. घराखाली उंदीर झाले म्हणून मुलांच्या बापाने धान्याच्या किडीसाठी असतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घराखाली टाकल्या. ही औषधं तिथे परवान्याशिवाय मिळत नाहीत, पण त्याच्यापर्यंत ती पोचली. वास येऊ लागला. बापाने घर धुऊन निघावं म्हणून त्यावर नळीने पाणी मारलं. पहाटे पाचच्या सुमारास मदतीसाठी फोन गेला. सात ते सतरा वर्षांची चार मुलं मेली. मदतीला आलेल्यांना आधी कार्बन मोनॉक्साइडचा संशय आला होता.

ही गोळी म्हणजे आपण ‘सल्फास’ म्हणतो तीच. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण 1 ग्रॅम फॉस्फिन वायू निघतो. हवेतल्या दमटपणाने तो हळूहळू, दिवसांच्या हिशेबाने निघतो, आणि ताडपत्रीने झाकलेल्या गोदामात, माणसं लांब ठेवून, जाणकाराने या गोळ्या ठेवायच्या असतात. पाणी पडलं की दिवसांचं काम काही मिनिटांवर येतं. बापाने वास धुतला नाही, वायू एकदम मोकळा केला. फॉस्फिन पेशीपेशीतला श्वास थांबवतं. त्याच्यावर उतारा नाही. दवाखान्यात फक्त शरीर सांभाळत वाट पाहता येते.

आपल्याकडे ही गोळी खुल्या विक्रीसाठी नाही. सरकारी संस्था आणि परवानाधारक कीडनियंत्रक यांच्यासाठीच ती आहे, आणि दहा-वीस गोळ्यांच्या नळ्यांवर तर पूर्ण बंदी आहे. वहिनींची डबी आली कुठून, ते मी विचारलं नाही. मी फक्त विचारलं, “कोठी कुठल्या खोलीत आहे?” झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून. आणि ढेकणांसाठी फवारा कुठे मारणार होतात? त्याच भिंतीवर. फवाऱ्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. तिन्ही औषधं एका बादलीत घातली नसती, तरी भिंतीच्या दोन बाजूंनी ती एकत्र आलीच असती.

एक प्रहर उरला
मंगळवार, 21 ऑगस्ट 2018. सकाळ.

मुलीने आई-वडिलांच्या खोलीत जाऊन पाहिलं तेव्हा दोघंही अत्यवस्थ होते. वडील खोलीतच वारले. आई काही तासांनी रुग्णालयात वारली. त्यानंतर थॉमस कुक या पर्यटन कंपनीने आपले सुमारे तीनशे प्रवासी त्या हॉटेलातून हलवले.

प्रहर संपले तरी प्रश्न उरला होता. सप्टेंबर 2018 मध्ये इजिप्तच्या सरकारी वकिलांनी ई. कोलाय जिवाणूचं कारण पुढे केलं, म्हणजे पोटाचंच. इंग्लंडमधल्या लँकशरच्या मृत्युतपास अधिकाऱ्यांनी, डॉ. जेम्स ॲडली यांनी, निष्कर्ष दिला तो नोव्हेंबर 2023 मध्ये. शेजारच्या खोलीत फवारलेल्या, डायक्लोरोमिथेन असलेल्या औषधाच्या वाफेने कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा. त्या खोलीत कशात काय मिसळलं होतं, एवढं कळायला पाच वर्षांहून अधिक काळ लागला. त्या दुपारी ते फवारणाऱ्याच्या हातातल्या डब्यावर, किंवा निदान फवारणाऱ्याच्या डोक्यात, असायला हवं होतं. रात्री त्या मुलीला मळमळ होत होती तेव्हा ते दारावर लिहिलेलं असतं, तर ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना आजी-आजोबाही तिच्यामागून बाहेर आले असते.

वहिनींशी पुढचं बोलणं कामापुरतं झालं. नुवानची बाटली उघडायची नाही. 31 डिसेंबर 2020 पासून ते बंद आहे, आणि लेबल नसलेल्या बाटलीत तेच आहे याची खात्रीही नाही. मोनो घरात मारायचं नाही, एकटंही नाही. गोळ्यांची डबी कोरडी, कुलपात, माणसांच्या खोलीपासून दूर, आणि ती परत कुठे द्यायची ते तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांना विचारायचं. बाटलीतलं काहीही मोरीत ओतायचं नाही. कुणाला काही झालंच तर 108 ला फोन, आणि बाटली, डबी, जे असेल ते सोबत न्यायचं, वास घेऊन पाहायचं नाही, उलटी करवायची नाही. दिल्लीच्या एम्समध्ये विषांची माहिती देणारं केंद्र आहे, 1800 116 117. मी तो आकडा त्यांना दोनदा लिहून घ्यायला लावला.

मग त्यांनी विचारलं, “आणि ढेकूण?”

ढेकूण आणि त्यांची अंडी पन्नास अंशांच्या आसपास टिकून राहिलेल्या उष्णतेत मरतात. चोपड्याच्या वैशाखात दुपारी स्लॅबवर पाय ठेवून पाहा, ती उष्णता आपल्याला फुकट मिळते. चादरी-उशा काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दिवसभर उन्हात. नुसत्या पसरून ठेवल्या तर ढेकूण सावलीकडे पळतात, म्हणून बांधायच्या. जाड गादी आतपर्यंत तापत नाही, ती उसवून कापूस वेगळा करावा लागतो. खाटांच्या सांध्यांत उकळतं पाणी, आमची आई घालायची तसं, कडेकडेने, घाई न करता. भिंतीच्या चिरा सिमेंटने लिंपून घ्यायच्या. आठ दिवसांनी पुन्हा सगळं, कारण अंडी राहतात. आणि एवढं करून राहिलेच, तर घरगुती परवान्याचं एकच औषध, लेबलवरच्या मात्रेत, परवानाधारक माणसाकडून. त्याने काय मारलं ते दारावर लिहून घ्यायचं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. खाटा आता बिनघोर आहेत म्हणाल्या, एका भिंतीत अजून दोन-चार दिसतात. मग म्हणाल्या, कोठीच्या दारावर पोरीने खडूने लिहिलंय, “या खोलीत गोळ्या नाहीत.” खाली तारीख, आणि तिचं नाव.